उत्तर दिलं होतं, वाचलं कुणी?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला बोलावताना एकच विनंती केली होती. "सर, विषय जरा हलका घ्या. लोक दिवसभराचे दमून येतात." मी म्हटलं, "हलकाच घेतो. संसदेतला प्रश्नोत्तराचा तास, आणि तोही परराष्ट्र मंत्रालयाचा." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं, मग त्या दिवशी पोहे-जिलेबी जरा जास्त ठेवतो." तेव्हा मित्रहो, मागे पोहे आहेत हे लक्षात असू द्या. मी वेळेत थांबेन.

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगतो. आत्ता आरती चालू असताना पहिल्या रांगेत मी पाच-सहा फोन उभे धरलेले पाहिले. कुणाचा मुलगा टोरांटोत आहे, कुणाची सून मेलबर्नला. आपल्याकडे साडेसातची आरती होते तेव्हा तिकडे टोरांटोत सकाळचे दहा वाजलेले असतात आणि मेलबर्नला मध्यरात्र. तरी पोरं जागतात आणि आरतीला येतात. आपले पूर्वज होळकरांबरोबर माळव्यात आले, ते घोड्यावर किंवा बैलगाडीत. आपली नातवंडं विमानानं जातात. दोन्हीकडे घर सोडून जाणं आहे. पूर्वजांना काही अडचण आली तर दरबारात अर्ज करता यायचा. आज नातवंडाला परक्या देशात अडचण आली, तर आपण अर्ज कुणाकडे करायचा? आपल्या वतीनं सरकारला जाब कोण विचारतं, आणि सरकार उत्तर देतं तरी कुठे? आजचं बोलणं एवढ्यावरच आहे.

सुरुवात एका घरातल्या गोष्टीनं करतो. नावं सांगणार नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा भाचा. बारावी झालेला, मग आयटीआय, एसी दुरुस्तीचं काम उत्तम येत होतं. दुसऱ्या एका शहरातला एजंट भेटला. आखाती देशात नोकरी, राहणं-जेवण कंपनीचं, पगार इथल्या चौपट. दोन लाख ऐंशी हजार रुपये रोख घेतले. काकूंनी त्यात स्वतःच्या पाटल्या घातल्या. "आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे पोचलास की कामाचा व्हिसा लावतात," असं सांगितलं. गेला. तिथे एसीचं काम नव्हतंच. बांधकामावर घातलं, पासपोर्ट मालकानं काढून घेतला आणि चार महिने पगार नाही. इकडे एजंटचा फोन बंद.

आम्ही सगळे धावलो. नगरसेवक झाले, ओळखीचे पोलीस झाले, कुणी म्हणालं वर्तमानपत्रात द्या. शेवटी एका मुलीनं परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर रीतसर तक्रार नोंदवली. तिथून ती दूतावासाकडे गेली, दूतावासानं मालकाला विचारलं, आणि एकूण सात महिन्यांनी पोरगा परत आला. बारा किलोनं उतरलेला. पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

त्या धावपळीत मी घरी बसून कॉम्प्युटरवर शोधाशोध करत होतो. एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, त्यामुळे दुसरं काही येत नाही. लोकसभेच्या संकेतस्थळावर जुन्या अधिवेशनांतली प्रश्नोत्तरं वाचायला लागलो, आणि एका लेखी उत्तरावर थांबलो. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी केलेला एजंट कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी एवढंच घेऊ शकतो. नोंदणी नसलेल्या आणि तक्रारी आलेल्या एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर असते, आणि त्या यादीत तीन हजारांहून जास्त नावं आहेत. हे सगळं एका खासदारानं विचारलं होतं, मंत्र्यांनी सांगितलं होतं. तारीख पाहिली. आमचा पोरगा विमानात बसण्याच्या आधीची होती.

मित्रहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. सरकारनं उत्तर दिलं होतं. ते छापलेलं होतं, फुकट होतं, हिंदीत आणि इंग्रजीत होतं. एकतीस वर्षं मी वर्गात 'प्रश्नोत्तराचा तास हे संसदीय लोकशाहीचं वैशिष्ट्य आहे' असं लिहून दिलं, त्यावर पाच मार्कांचा प्रश्न काढला. पण एकही उत्तर स्वतः कधी उघडून वाचलं नव्हतं.

आता हा तास चालतो कसा, ते थोडक्यात सांगतो. लोकसभेत तो सकाळी अकरा ते बारा असतो. राज्यसभेत २०१४ च्या नोव्हेंबरपासून तो दुपारी बारा ते एक झाला. खासदाराला प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. सूचना खूप येतात, म्हणून चिठ्ठ्या काढून क्रम लागतो. ज्या प्रश्नापुढे चांदणीचं चिन्ह असतं, तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्री सभागृहात उभे राहून देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेत एका दिवशी असे वीस, राज्यसभेत पंधरा. चांदणी नसलेला, म्हणजे अतारांकित प्रश्न, त्याचं उत्तर फक्त लेखी. असे लोकसभेत दिवसाला दोनशे तीस आणि राज्यसभेत एकशे साठपर्यंत. प्रत्येक मंत्रालयाचे वार ठरलेले आहेत. परराष्ट्र मंत्रालयाची पाळी सध्या राज्यसभेत गुरुवारी आणि लोकसभेत शुक्रवारी येते.

यात आपल्याकडे नेहमी गोंधळ होतो तो मंत्रालयांचा. आपला माणूस बाहेर जातो, तिथे अडकतो, तिथे वारतो, तर ते परराष्ट्र मंत्रालय. पूर्वी अनिवासी भारतीयांसाठी वेगळं मंत्रालय होतं, ते २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विलीन झालं. पण परदेशी माणूस भारतात येतो, त्याचा व्हिसा, त्याची नोंदणी, विमानतळावरची तपासणी, हे गृह मंत्रालयाकडे. २०२५ मध्ये संसदेनं त्याबद्दल नवा कायदा केला आणि १९२० पासून चालत आलेले चार जुने कायदे रद्द केले. तेव्हा प्रश्न चुकीच्या दारात नेला, तर तो दुसऱ्या मंत्रालयाकडे फिरतो आणि अधिवेशन तोवर संपलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे दिल्लीचं राजकारण, यात आपण मराठी माणसांनी काय करायचं? तर ऐका. कायदेमंडळात उभं राहून स्थलांतरितांबद्दल सरकारला ठामपणे जाब विचारणारा पहिल्या फळीतला माणूस मराठीच होता, नामदार गोपाळ कृष्ण गोखले. १८९२ च्या कायद्यानं कायदेमंडळाच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, पण उत्तरावर उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. ती १९०९ च्या सुधारणांत आली, आणि ठराव मांडण्याची मुभाही तेव्हाच मिळाली. गोखल्यांनी तिचा उपयोग लगेच केला. फेब्रुवारी १९१० मध्ये कलकत्त्याला त्यांनी ठराव मांडला की, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीसाठी करारबद्ध मजुरांची भरती बंद करा. हे मजूर म्हणजे गिरमिटिये. कागदावर अंगठा घेऊन पाच वर्षांसाठी उसाच्या मळ्यांत नेलेली माणसं. सरकारनं तो ठराव मानला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली.

मग ४ मार्च १९१२ ला गोखल्यांनी पुढचं पाऊल टाकलं. ही पद्धतच सगळीकडून बंद करा, असा ठराव आणला. बाजूनं बावीस मतं पडली, पण सरकारी बहुमतापुढे ठराव पडला. गोखले त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले, गांधीजींबरोबर हिंडले. १९१५ मध्ये ते गेले. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच विषय पुन्हा मांडला आणि या वेळी व्हाइसरॉय हार्डिंग यांनी तो मान्य केला. पुढच्याच वर्षी भरती थांबली.

ही गोष्ट आजच्या विषयाला धरून आहे. गोखल्यांकडे सत्ता नव्हती. सभागृहात बहुमत नव्हतं. त्यांच्याकडे आकडे होते, कागद होते, आणि नीट मांडलेली मागणी होती. पहिल्या वेळी एका वसाहतीपुरतं मागितलं आणि मिळालं. दुसऱ्या वेळी सगळं मागितलं आणि हरले, पण त्यांचं भाषण इतिवृत्तात राहिलं. मालवीयांना ते शून्यातून सुरू करावं लागलं नाही. मॉरिशसला मुंबई बंदरातून गेलेल्या आपल्या माणसांचे वंशज आजही घरात गणपती बसवतात आणि चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. ती माणसं गेली तेव्हा त्यांच्या बाजूनं विचारणारं कुणी नव्हतं. पुढच्यांसाठी विचारणारा मिळाला.

दुसरं नाव दादासाहेब मावळंकरांचं. लोकसभेचे पहिले सभापती. मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, जन्म १८८८ मध्ये बडोद्याला, वकिली अहमदाबादला. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर रुजलेले. त्यांच्याच काळात, १९५३ मध्ये, लोकसभेत सरकारी आश्वासनांची समिती नेमली गेली. ही समिती काय करते? मंत्री उत्तर देताना म्हणतात, "माहिती गोळा करण्यात येत आहे," किंवा "विषय विचाराधीन आहे," किंवा "चौकशी करू." पूर्वी अशा शब्दांचं पुढे काय झालं, ते कुणी पाहायचं नाही. समिती ते शब्द टिपून ठेवते आणि तीन महिन्यांत ते पुरे झाले का, ते विचारते. मुदतवाढ मागावी लागते, कारण द्यावं लागतं. आपल्या घरात कसं असतं, बाबा म्हणतात "बघू", आणि आई ते कॅलेंडरवर लिहून ठेवते. दादासाहेबांनी संसदेत ते कॅलेंडर लावलं, असं समजा.

आता एक जड प्रसंग सांगतो. तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

जून २०१४. इराकमधलं मोसुल शहर इस्लामिक स्टेटच्या ताब्यात गेलं. तिथे बांधकामावर असलेले चाळीस भारतीय मजूर पकडले गेले. बहुतेक पंजाबचे, बाकी हिमाचल, बिहार आणि बंगालचे. त्यांतला एक जण निसटून आला आणि त्यानं सांगितलं की, बाकी सगळ्यांना गोळ्या घातल्या. सरकारनं ते मान्य केलं नाही. आपल्याला वेगवेगळ्या सूत्रांकडून ते जिवंत असल्याची माहिती मिळते आहे, असं सरकार बराच काळ सांगत राहिलं. परराष्ट्रमंत्री होत्या सुषमा स्वराज, आपल्या मध्य प्रदेशातल्या विदिशाच्या खासदार. लोकसभेच्या सभापतिपदावर होत्या आपल्या सुमित्राताई. संसदेत हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. जुलै २०१७ मध्ये, मोसुल मुक्त झाल्यावर, सुषमाजींनी लोकसभेत सांगितलं की, ठोस पुराव्याशिवाय कुणाला मृत जाहीर करणं हे पाप आहे आणि ते आपण करणार नाही.

मग बदुश गावाजवळच्या एका टेकडीखाली सामूहिक कबर सापडली. मृतदेह बाहेर काढले, नातेवाइकांच्या डीएनएशी ताडून पाहिले. २० मार्च २०१८ ला सुषमाजींनी राज्यसभेत उभं राहून सांगितलं की, एकोणचाळीसही जण गेले. त्याच दिवशी लोकसभेत त्यांना हे निवेदन गोंधळामुळे नीट करताच आलं नाही. सुमित्राताई खुर्चीवरून सदस्यांना शांत राहायला सांगत होत्या. एप्रिलच्या सुरुवातीला अडतीस जणांचे अवशेष अमृतसरला आले.

त्या दिवशी पंजाबातल्या घरांतून एकच आक्रोश झाला. आम्हाला टीव्हीवरून का कळलं? आधी आम्हाला का नाही सांगितलं? मंत्र्यांचं म्हणणं होतं की, अधिवेशन चालू असताना ही माहिती आधी सभागृहाला देणं हे त्यांचं कर्तव्य होतं. दोन्ही बाजू मी त्या दिवशी ऐकल्या आणि आजही मला त्यातली एक उचलून दुसरी टाकता येत नाही. सभागृहाचा मान मोठा आहे, हे मी आयुष्यभर शिकवलं. पण ज्या आईनं चार वर्षं दाराकडे डोळे लावले, तिला बातमीच्या पट्टीवरून कळावं, हे माझ्या पोटात कालवतं. आपल्यातल्या किती जणांची मुलं बाहेर आहेत, बघा. हा प्रश्न पंजाबचा राहत नाही.

पण त्यातून एक गोष्ट मात्र शिकलो. चार वर्षांतली ती सगळी उत्तरं नोंदलेली आहेत. कधी काय सांगितलं, कुठल्या शब्दांत सांगितलं, कुठे खात्री होती आणि कुठे आशा होती, हे आज कुणीही तारखेवार वाचू शकतो. सरकार बरोबर होतं की चूक, हे मी सांगायची गरज नाही. नोंद आहे, तुम्ही वाचा आणि ठरवा. टीव्हीवरच्या चर्चेची अशी नोंद राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपाची तर नाहीच.

आता उत्तर वाचायचं कसं, ते पाहू. एक उदाहरण घेतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान एकशे चार भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. देशभर संताप झाला. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केलं आणि सदस्यांनी खुलासे मागितले. राज्यसभेत मंत्र्यांच्या निवेदनावर असे खुलासे मागता येतात. लोकसभेत नियमानं ती सोय नाही, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मंत्र्यांनी सांगितलं की, अशी परतपाठवणी नवी नाही. वर्षवार आकडे दिले. २००९ मध्ये ७३४, २०१९ मध्ये २,०४२, २०२३ मध्ये ६१७, २०२४ मध्ये १,३६८. विमानात बांधून आणण्याची अमेरिकेची पद्धत २०१२ पासूनची आहे, असंही सांगितलं. परतणाऱ्यांना वाईट वागणूक मिळू नये म्हणून अमेरिकेशी बोलणं चालू आहे, असंही सांगितलं.

आता हे कोष्टक हातात घ्या आणि दोन वेळा वाचा. पहिल्यांदा, त्यात काय आहे ते. त्यातून कळतं की, हा एका वर्षाचा किंवा एका सरकारचा प्रश्न नाही. दोन्ही पक्षांच्या काळात माणसं परत आली. ही माहिती भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक विसरतात. दुसऱ्यांदा, त्यात काय नाही ते पाहा. ही माणसं कुठल्या जिल्ह्यातून गेली? प्रत्येकानं किती पैसे भरले? कुणाला भरले? हे त्या कोष्टकात नाही. तिथूनच पुढचा प्रश्न जन्माला येतो.

असंच आणखी एक उत्तर. जुलै २०२४ मध्ये लोकसभेत लेखी उत्तर आलं की, मागच्या पाच वर्षांत परदेशात ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यांत सर्वाधिक १७२ कॅनडात आणि १०८ अमेरिकेत. आजार, अपघात, सगळी कारणं धरून. त्यांतले १९ हल्ल्यांत गेले. त्याच सुमारास सरकारनं सांगितलं होतं की, परदेशात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची संख्या १३ लाख ३५ हजारांच्या वर आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर घाबरून जायचं कारण नाही, पण बेफिकीर राहायचंही कारण नाही. मुलगा कॅनडाला निघाला की आपण लोणच्याची बरणी चार वेळा गुंडाळतो. तिथल्या भारतीय वकिलातीचा आपत्कालीन नंबर त्याच्या फोनमध्ये आहे का, हे किती जण विचारतात?

उत्तरांची एक भाषा असते, तीही ओळखायला शिका. "प्रकरण संबंधित देशाकडे उपस्थित केलं आहे" याचा अर्थ बोलणं झालं, निकाल माहीत नाही. "अशी आकडेवारी केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही" याचा अर्थ पुढचा प्रश्न असा असावा की, ती का ठेवली जात नाही आणि कधीपासून ठेवाल. "माहिती गोळा करण्यात येत आहे" हे ऐकलं, की दादासाहेबांचं कॅलेंडर आठवा. तीन महिने मोजा. परराष्ट्र व्यवहारात मंत्र्यांना काही गोष्टी बोलता येत नाहीत, हेही समजून घ्या. मित्रराष्ट्राचा अनादर होईल असा प्रश्न नियमांनी स्वीकारला जात नाही. वाटाघाटी चालू असताना पत्ते उघडे करता येत नाहीत. प्रत्येक मौन म्हणजे लपवाछपवी नसते. पण कुठलं मौन कशासाठी आहे, हे विचारणाऱ्याला हळूहळू कळायला लागतं.

आणि गोंधळ. तास गोंधळात गेला, की लोक म्हणतात, काय फरक पडतो, उत्तरं तर लेखी येतातच. येतात, खरं आहे. पण पुरवणी प्रश्न जातो. लेखी उत्तर हे खात्यातल्या अधिकाऱ्यानं शांतपणे तयार केलेलं असतं. पुरवणी प्रश्न आला की मंत्र्यांना उभ्या उभ्या उत्तर द्यावं लागतं, आणि त्यांचा विषयाचा अभ्यास किती आहे, ते तिथे दिसतं. तास बुडाला की आपण ते गमावतो. १९६२ च्या चीन युद्धात आणि २०२० च्या करोनाच्या पावसाळी अधिवेशनात हा तास झालाच नव्हता. तेव्हा कारणं होती. रोजच्या आरडाओरड्याला मात्र तसं कारण नाही, मग ती कुठल्याही बाकावरून होवो.

आता आम्ही काय केलं, ते सांगून संपवतो. तो मुलगा परत आल्यावर आम्ही चौघांनी एका खासदारांना पत्र लिहायचं ठरवलं. पहिला मसुदा मी केला. साडेतीन पानं. गोखल्यांपासून सुरुवात. काकूंनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजी, यात तुम्ही किती शिकलात ते कळतं. माझ्या पोराचं काय झालं ते कळत नाही." मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. पाच ओळी. व्हिजिट व्हिसावर नोकरीसाठी पाठवलेल्या किती जणांच्या तक्रारी मागच्या तीन वर्षांत आल्या? दहावीच्या पुढे शिकलेल्यांच्या पासपोर्टला परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी लागत नाही, म्हणून त्यांची फसवणूक नजरेतून सुटते का? नोंदणी नसलेल्या किती एजंटांवर खटले झाले, आणि किती जणांना शिक्षा झाली? मध्य प्रदेशाचे आकडे वेगळे द्यावेत. बस.

त्या पत्राची पोच आली आहे. प्रश्न चिठ्ठीत लागेल की नाही, ते सांगता येत नाही. नाही लागला तर पुढच्या अधिवेशनाला पुन्हा देऊ. आपल्याकडे लोकसभेचे एकोणतीस आणि राज्यसभेचे अकरा खासदार आहेत. पोस्टाचं तिकीट महाग नाही.

मंडळाला माझी एकच सूचना आहे. आपल्या ग्रंथालयात एक फाइल ठेवा. दर अधिवेशन संपलं की परराष्ट्र मंत्रालयाच्या उत्तरांतली आपल्या उपयोगाची पाच-सात निवडून, छापून त्यात लावा. विद्यार्थी, नोकरी, एजंट, पासपोर्ट, वकिलातीची मदत, अशी. जो कुणी मुलाला बाहेर पाठवणार असेल, त्यानं आधी ती फाइल चाळावी. पहिलं उत्तर मी लावून ठेवलं आहे. तीस हजार रुपयांचं. त्याची झेरॉक्स काकूंनी स्वतःच्या पैशानं काढून आणली आणि गल्लीतल्या तीन घरांत दिली.

शेवटी बाप्पाची आठवण. महाभारत लिहून घ्यायला व्यासांना लेखनिक हवा होता. गणपतीनं अट घातली की, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यास हुशार. त्यांनी उलट अट घातली की, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. बाप्पानं ती मान्य केली. बुद्धीची देवता असूनही त्याला समजून घ्यायला थांबावं लागलं. संसदेत दर अधिवेशनात हजारो उत्तरं लिहिली जातात. लिहिण्याचं काम चालूच आहे. समजून घ्यायला थांबण्याचं काम आपल्याकडे आहे.

पोहे गार होत असतील. गणपती बाप्पा मोरया!